पाणी मारणारा

करंजाड्याच्या साइटवर नव्या काँक्रीटवर पाणी मारायला साताऱ्याकडचा एक म्हातारा होता. खांबांना ओली गोणपाटं गुंडाळायचा आणि कपाळाला लावावा तसा पालथा हात खांबाला लावायचा. "साहेब, ह्यो अजून तापलाय बगा." मी तिथला इंजिनिअर, नुसता हसायचो.

मग काँक्रीटमध्ये मिसळायची जेलची पावडर आली. ती आधी पाणी पिते आणि मग आतून हळूहळू सोडते, त्यानं काँक्रीट मजबूत होतं. म्हाताऱ्यानं चिमूटभर भिजवून पाहिली. फुगलेले दाणे बोटांवर घेऊन म्हणाला, "साबुदाणाच की! आता ह्योच माझी ड्युटी करणार म्हणा."

शेजारी ठेकेदार उभा होता. त्याला हा माणूस कमी करायचाच होता.

"खरंच वरनं पाणी लागत न्हाय का, साहेब?" म्हाताऱ्यानं मला विचारलं.

वरूनही पाणी लागतंच, हे मला माहीत होतं. ठेकेदार माझ्याकडे बघत होता.

"नाही लागत," मी म्हणालो.

"तुमी म्हणताय म्हंजे खरंच आसंल." स्लॅबवरून खाली जाऊन त्यानं स्वतःच पाण्याचा पंप बंद केला. त्याला थांबवायला एक हाक पुरे होती. ती मी मारली नाही.