ती विसरली नव्हती

हे मी आजवर कुणालाही सांगितलेले नाही. माझी पत्नी रेनाटे अडतीस वर्षे माझ्यासोबत राहिली, तिलाही नाही. तिच्या शेवटच्या आठवड्यात रुग्णालयाच्या खोलीत आम्ही दोघे तासन्‌तास गप्प बसून असू. तेव्हा सांगता आले असते — सांगितले नाही. आता लिहितो आहे, कारण समोरच्या खुर्चीवर एक शाल पडली आहे आणि तिच्याकडे नजर गेली की माझे डोके तापते.

शाल अलीकडचीच. इथल्या, कोलोनच्या, मराठी मंडळाने माझा सत्कार केला. नारळ दिला. भाषणे झाली. काकांनी इतकी वर्षे आपल्या माणसांची सरकारी पत्रे वाचली, एकालाही वाऱ्यावर सोडले नाही, असे अध्यक्ष म्हणाले. एकालाही? लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी उठून ‘थांबा’ म्हटले नाही. हात जोडले आणि खाली बसलो. चीड कुणाची येते, ते आधीच स्पष्ट करतो: त्यांची नाही.

पुण्या-मुंबईहून येणाऱ्या माणसाचे नोकरीत इंग्रजीवर निभते. पण घरची पत्रपेटी फक्त जर्मन बोलते. ती पत्रे घेऊन लोक रविवारी अकराला माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी येत. मी यंत्रांच्या कारखान्यात आराखडे काढणारा माणूस. कागदावर जे आहे तेवढेच वाचायची मला सवय. प्रत्येकाला मी एक शब्द पाठ करायला लावला — ‘उनफेअरत्स्यूग्लिश’. म्हणजे विनाविलंब. पत्ता बदलला, पगार बदलला, नोकरी बदलली, की सरकारला कळवायचे, आणि विनाविलंब कळवायचे. सवडीने नव्हे. दिवाळी झाल्यावर नव्हे. हे मी इतक्यांदा बजावले की तरुण मंडळी माझ्या पाठीमागे त्या शब्दाची नक्कल करत. करोत. शब्द बरोबर होता.

सुजाता साताऱ्याची. नवरा इंजिनीयर. तो वोल्फ्सबुर्गला नोकरीसाठी गेला आणि तिकडे त्याने दुसरे घर मांडले. ही लहान मुलीला घेऊन इथेच राहिली. सकाळी बेकरीच्या गल्ल्यावर उभी राही, संध्याकाळी जर्मनच्या वर्गाला जाई. घरभाड्यासाठी तिला नगरपालिकेची मदत मिळे. तिला इथे ‘वोनगेल्ड’ म्हणतात. त्याचा अर्ज मीच भरला होता. नोकरी बदलल्यास कळवावे, ही त्यातली ओळ मीच तिला वाचून दाखवली होती.

एका रविवारी ती बेसनाचे लाडू घेऊन आली. हातात प्लॅस्टिकच्या पारदर्शक पाकिटात एक कागद. वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरात पूर्ण वेळेची नोकरी. अर्ज तिने स्वतः लिहिला होता. वर्गातल्या एका पोलिश बाईने तपासून दिला होता. आणि करारावर सही — होऊनही गेली होती.

“सही करूनच आले, काका! म्हटलं, तुम्हाला एकदम सांगावं. आणि ही प्रत. तेवढं वोनगेल्डवाल्यांना कळवाल ना?”

मी म्हणालो, “बघतो.”

या शब्दापाशी मला थांबले पाहिजे. वडीलधारा माणूस ‘बघतो’ म्हणाला की ऐकणाऱ्याच्या दृष्टीने काम झाले. म्हणणाऱ्याच्या दृष्टीने मात्र — काहीच झालेले नसते. जर्मन माणसाला मी आयुष्यात असे उत्तर दिलेले नाही. तिथे ‘या’ किंवा ‘नाइन’, हो किंवा नाही. मग हा शब्द मी आपल्याच माणसासाठी का राखून ठेवला होता?

तिने मला विचारले नव्हते. एवढेच. माझ्या नजरेखालून न जाता एका करारावर सही झाली होती, आणि तो करार चांगला होता. माझ्यावाचून चांगला होता. मला वाटले, येऊ दे पुन्हा. पुन्हा विचारू दे. पण आपल्याकडे थोरांना दोनदा विचारत नाहीत. दोनदा विचारणे म्हणजे पहिल्या वेळी विश्वास ठेवला नाही असे होते. हे मला ठाऊक नव्हते काय? पाकीट मी खालच्या खणात टाकले. विसरलो नाही. पेन घ्यायला वरचा खण उघडला की दर रविवारी खालच्याची आठवण होई. लाडू मात्र खाल्ले.

मदत पूर्वीसारखीच खात्यावर येत राहिली. काकांनी कळवले आहे, म्हणजे कचेरी तपासूनच देत असणार — अशी तिची समजूत. सात महिन्यांनी कचेरीचे पत्र आले. नोकरी बदलल्याचे का कळवले नाही, लेखी किंवा समक्ष सांगावे. अन्यथा वसुली, वर दंड. ती पत्र घेऊन धावत आली. तिने मला एका शब्दानेही बोल लावला नाही. “टपालात गहाळ झालं असेल ना, काका?” — माझ्या वतीने सबब तिनेच शोधली. आणि मी काय केले? समक्ष जाऊ, म्हणालो. मी भाषांतराला येतो.

आपल्यात एक सोय आहे: कचेरी निर्दय असते असे म्हणायचे आणि मोकळे व्हायचे. ती सोय मी घेणार नाही. टेबलापलीकडची बाई पन्नाशीची होती. तिने सुजाताला आधी पाणी विचारले. मग म्हणाली, जादा गेलेली मदत परत करावीच लागेल, त्याला इलाज नाही. पण कळवण्याचे काम हिने कुणावर सोपवले होते काय? तसे असेल तर दंड लावणार नाही, आणि कळवण्यात कसूर केल्याचा शेरा फाइलला राहणार नाही. इतके सरळ. दार उघडून धरले होते तिने.

मी सुजाताला एवढेच सांगितले: “का कळवलं नाही, असं विचारतायत.”

सुजाता मराठीत बोलली. माझ्याकडे पाहून बोलली. तक्रारीचा सूर नव्हता. मी आता सगळे नीट मांडीन, असा चेहरा होता.

मी त्या बाईकडे वळलो आणि जर्मनमध्ये म्हणालो, “ती म्हणते, ती विसरली.”

बाईने ते टिपले. कागद फिरवून पुढे केला. सही कुठे करायची ते मी बोट ठेवून दाखवले.

घरी रेनाटेने विचारले, “मग, झालं का काम त्या मुलीचं?” मी म्हणालो, झाले.

रकमा लिहीत नाही. त्यांच्यामागे लपता येते. झाले ते असे: वसुली आणि दंड फेडायला सुजाताने शनिवार-रविवारचे दुसरे काम धरले, संध्याकाळचे वर्ग सुटले, आणि आचाऱ्याचे जे प्रशिक्षण तिला त्या वर्षी मिळायचे होते ते दोन वर्षे लांबले. ती दोन वर्षे तिची मुलगी शाळेतून परस्पर शेजारणीकडे जात असे. शेवटी सुजाताने प्रशिक्षण पुरे केले. आज त्या स्वयंपाकघराची ती प्रमुख आहे. हे मी माझ्या बाजूने लिहीत नाही. ते तिचे आहे.

सत्काराच्या दिवशी जेवणाची व्यवस्था तिच्याकडे होती. कार्यक्रम संपल्यावर ती माझा कोट घेऊन आली. मी तो अंगात घालत असताना हळूच म्हणाली, “काका, ‘फेरगेसन’ हा शब्द पहिल्याच महिन्यात शिकवतात.”

फेरगेसन. विसरणे.

माझा एक हात बाहीतच राहिला. “मग तेव्हाच का नाही बोललीस?”

“त्या बाईसमोर तुम्हाला खोटं पाडू?” तिने कॉलर सरळ केली. “मला वाटलं, बाहेर आल्यावर बोलाल. ट्राममध्ये बसलो, तेव्हा वाटलं, आता बोलाल. मग माझा स्टॉप आला.”

अनेक जण म्हणतील, काकांचे वय झाले, एवढे कशाला मनाला लावून घ्यायचे. कृपा करून म्हणू नका. मला राग येतो. तेव्हा माझे वय झालेले नव्हते. कान शाबूत होते, दोन्ही भाषा शाबूत होत्या. माणूस चुकतो, असेही म्हणू नका. मी चुकलो नाही. मी तिचे वाक्य ऐकले, समजलो आणि बदलले. तिने माझा मान राखला. मी तिच्या नावावर कसूर लिहवून घेतली आणि तोच मान घेऊन रविवारी पुन्हा टेबलाशी बसलो, लोकांना ‘विनाविलंब’ शिकवायला. अशा माणसाच्या खांद्यावर शाल घालतात?

मंडळाच्या अंकासाठी सत्काराबद्दल माझ्याकडे ‘दोन शब्द’ मागितले होते. हे ते. सुजाताचे नाव तिला विचारून लिहिले आहे. तिला फोन केला, सगळे लिहिणार आहे म्हणालो.

“लिहा,” म्हणाली. “फक्त ‘बघतो’ म्हणू नका.”

शाल मंडळाकडे परत जाईल. पाकीट खालच्या खणातच होते. आज बाहेर काढले. कराराची प्रत कोरी करकरीत आहे, कोपरासुद्धा दुमडलेला नाही.

आणि आता ते भाषांतर, जे त्या खोलीत माझ्याकडून व्हायचे होते. कचेरीला मी जर्मनमध्ये लिहून पाठवले आहे. इथे तिच्याच शब्दांत देतो. सुजाता म्हणाली होती: “कागद मी त्याच आठवड्यात काकांकडे दिला होता. ते बघतो म्हणाले, म्हणून मी निर्धास्त झाले.”