वन्संचा राखून ठेवलेला खून

आमची भूतवाली वहिनी दिसायला गरीब गाय, पण डूख धरावा तर तिनंच. ती रहस्यकथा लिहिते. तिचा इन्स्पेक्टर मेलेल्यांच्या भुतांना चौकीत बसवून जबाब घेतो आणि खुन्याला धरतो. वर्षानुवर्षं मालिका चालू आहे, आणि दर पुस्तकात वहिनी आपल्याला छळणाऱ्या एकाला ठार मारते. खडूस घरमालक लिफ्टमध्ये गेला, टोमणे मारणारी जाऊ फ्रीजमध्ये सापडली.

गंमत म्हणजे कुणाला राग येईना. जाऊबाई तर पाहुण्यांना फ्रीज उघडून दाखवतात, "इथंच गोठले हो मी."

राहिली एकटी नणंद. हिनं वहिनीच्या पहिल्यावहिल्या कादंबरीचे कागद फडताळात अंथरून वर तेलाचे डबे ठेवले होते.

नवं पुस्तक येणार म्हटल्यावर ती आपणहून आली. "काय गं, आता माझाच नंबर ना? विष नको हं, चेहरा काळानिळा पडतो. गच्चीवरून ढकल."

वहिनीला ते तेलकट कागद आठवले. गच्चीवरचा झकास खून तिनं नणंदेसाठीच राखून ठेवला होता. तिनं चहा पुढे केला.

"वन्सं, तुम्हाला मी जन्मात मारायची नाही."

"अगं, निदान जखमी तरी कर."

"छे हो, तुम्ही घरच्या."

नणंद चहा न पिताच गेली. वहिनीनं लगेच लिहायला घेतलं. नणंदेचं जिच्याशी हाडवैर, त्या शेजारणीला तिनं गच्चीवरून ढकललं, आणि तिच्या भुताला पानंच्या पानं बोलू दिलं.