तोकडी केबल

अठ्ठेचाळीस साली पावसाळा सरता सरता आमची तुकडी जालन्याबाहेर तळ ठोकून होती. निजामाचं राज्य नुकतंच संपलं होतं. मी डी.आर., म्हणजे डिस्पॅच रायडर. मोटारसायकलवरून निरोप पोचवायचे, एवढंच काम. माझं गाव जाफराबादजवळ. लढाईच्या काळात भरती झालो, परमुलूख पाहिले आणि वर्दी घालून परत आलो तो आपल्याच चिखलात.

तुकडीचा मेकॅनिक नाईक लिंबाजी राजूरचा. माझ्या बायकोचा सख्खा भाऊ. चारचौघांत मला 'दाजी' म्हणून हाक मारायचा आणि जवान फिदीफिदी हसायचे. मी वैतागायचो. मनातून आवडायचंही.

एका फेरीत मी चिखलात घसरून पडलो. मला खरचटलं, गाडीचं हँडल वाकलं. लिंबाजीनं एका मोडीत काढलेल्या गाडीचं हँडल आणलं. ते जरा उंच आणि रुंद होतं. त्यानं मला गाडीवर बसवलं.

"डोळे मिटा. हात सोडा पुढं. सासरी जेवायला बसल्यावानी अवघडून बसू नका."

माझी बोटं जिथं पडली तिथं त्यानं डावीकडे क्लचची आणि उजवीकडे ब्रेकची लिव्हर बसवली. स्क्रू आवळले. मग उजव्या मुठीत थ्रॉटलची, म्हणजे इंजिनाचा वेग वाढवणारी, केबल जोडली, इंजिन चालू केलं आणि हँडल या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवलं. उजवीकडे काही झालं नाही. डावीकडे पुरं वळताच मुठीला हात न लावता इंजिन ओरडू लागलं. हँडल रुंद झालं होतं आणि केबल जुनीच. वळताना ती ताणली जाई आणि थ्रॉटल आपोआप उघडे.

"हँडल बदललं की हे पाहायचंच असतं," तो म्हणाला. "आवाज बदलला तर गाडी भाईर काढायची न्हाई."

"मंग?"

"वडीगोद्रीला आपली एक गाडी बंद पडून हाये. तिची केबल लांब हाये. आता ट्रक चाललाय तिकडं, घेऊन येतो. तवर हात लावू नका. अन् बिलकुलच अडलं तर सरळ चालवा. डावीकडं हँडल मारायचं न्हाई. उतरायचं, ढकलायचं. ताईला तोंड दाखवायचंय मला."

तो ट्रकमध्ये ड्रायव्हरशेजारी चढला. माझ्या केबलसाठी गेला, हे मी कधी विसरलो नाही.

ट्रक जाऊन थोडा वेळ झाला असेल. वडीगोद्रीकडचा एक शेतकरी आडवाटेनं चालत तळावर आला. धापा टाकत होता.

"साहेब, आमच्याकडल्या नाल्याचा पूल खालून गेला. वरून रस्ता साबूत दिसून राह्यला, पण कमान न्हाई खाली. आम्ही बैलगाड्या बंद केल्यात. तुमचे ट्रक नेऊ नका त्याच्यावरून."

कॅप्टनसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं. दुसरी गाडी तळावर नव्हती. ट्रकमध्ये वायरलेस नव्हता.

"गाडी ठीक है?"

"साब, थ्रॉटल केबल छोटी है."

"चलेगी?"

"चलेगी, साब."

"जाओ."

सरळ रस्त्यावर मी गाडी पिळून काढली. पण निजामाच्या माणसांनी रस्ता जागोजागी आडवा खणून ठेवला होता. प्रत्येक चरापाशी डावीकडे शेतात उतरायचं, वळसा घालून परत वर यायचं. वळण अगदी आखूड. दरवेळी मी इंजिन मंद केलं, उतरलो, क्लच दाबून गाडी ढकलली. चिखलात ट्रकच्या चाकांचे ताजे ठसे दिसत होते. मला घाई झाली होती, पण मेकॅनिकनं सांगितलेलं मोडायचं नाही हे अंगात मुरलेलं. शिवाय मी पडलो असतो तर निरोपही पडला असता.

शेवटच्या चराला वळसा घालून गाडी वर काढली तेव्हा ट्रक समोर दिसला. मी हॉर्न दाबला, ओरडलो. ट्रक पुलावर चढला होता. मधोमध गेला आणि नाहीसा झाला.

ड्रायव्हर जागीच गेला होता. लिंबाजीला गावकऱ्यांनी आणि मी मिळून पाण्यातून काढलं. छाती चेपली होती. त्यानं मला ओळखलं, मागं उभी असलेली गाडीही ओळखली.

"डावीकडं ओढली का?"

"न्हाई. उतरून ढकलली. परत्येक वेळी."

"बराबर केलं, दाजी."

तेवढं बोलून तो गेला.

मी बायकोला सगळं सांगितलं, चरांसकट. तिनं मला कधी बोल लावला नाही. लावला असता तर बरं झालं असतं, असं मला पुष्कळदा वाटतं. तो ड्रायव्हर पंजाबचा होता, गुरबचन नावाचा. त्याच्या घरी कुणी काय सांगितलं, मला ठाऊक नाही.

आता माझं वय झालं. झोप उथळ लागते. स्वप्नात तो रस्ता येतो. चर येतो. मी उतरत नाही. बसल्या बसल्या हँडल डावीकडे पुरं मारतो, गाडी ओरडते, उसळते, आणि मी पुलाच्या अलीकडे ट्रकला आडवा जातो. लिंबाजी खाली उतरतो आणि सांगितलेलं ऐकलं नाही म्हणून सगळ्यांदेखत मला शिव्या घालतो.