बंबाच्या वाट्याचा कचरा

नव्वदच्या आसपास मी अंबरनाथच्या एका कारखान्यात बॉयलरवर होतो, टेंपररी. शेठ उल्हासनगरचे सिंधी, डोकं भलतंच सुपीक. त्यांनी एक नवी भट्टी बांधली. गावचा कचरा जाळायचा, त्यावर वाफ करायची आणि अशा भट्ट्या नगरपालिकेला विकायच्या. मला म्हणाले, "साहब लोग देखने आएंगे. बिना डिझेल स्टीम का काटा ऊपर गया, तो तू परमनंट." माझं लग्न याच एका शब्दापायी अडलं होतं. मुलीचे वडील पालेगावचे, सज्जन माणूस. पण तेही किती दिवस थांबणार?

मी जीव ओतला, पण कचरा काही पेटेना. भाजीची देठं, चहाचा चोथा, राख, माती. डिझेल मारलं की भडका, बंद केलं की नुसता धूर. तेवढ्या डिझेलवर दुसरा बॉयलर चालला असता. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला.

घरी येऊन मी रडगाणं गायलो. आई तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "अरे, जळणारं कुणी टाकतं का? करवंट्या, खोक्यांच्या फळ्या, सगळं बंबात जातं. उरतं ते तुझ्या भट्टीला." खरंच की. पूर्वेच्या आमच्या चाळीत घरटी आंघोळीच्या पाण्याचा तांब्याचा बंब होता. शेठ एवढा घाट घालून जे करायला निघाले होते, ते बायका रोज सकाळी डिझेलच्या थेंबाशिवाय करत होत्या. मला हसू आलं.

मग मी नको ते केलं. चाळीत घरोघर हात जोडले, की चार दिवस बंब पेटवू नका, जळणारं सगळं कचऱ्याच्या गाडीत टाका. थंडी कडाक्याची होती, तरी कुणी नाही म्हटलं नाही. लग्नाचं ऐकून शेजारच्या मावशींनी तर घरातला मोडका पाटही दिला. चाचणीसाठी ती गाडी मी थेट आमच्या भट्टीवर आणवली.

भट्टी अशी धडधडली की अर्ध्या तासात काटा लाल रेघेजवळ. शेठ खुशीत. पालिकेच्या साहेबांनी मला सहज विचारलं, "हा रोजचाच कचरा ना?"

'हो' अगदी ओठांवर होतं. पण सकाळीच मावशींना गार पाण्याने कुडकुडताना पाहिलं होतं, माझी मलाच लाज वाटली. म्हणालो, "नाही साहेब. चार दिवस आमच्या चाळीने बंब पेटवलेला नाही, म्हणून हा पेटला. आई म्हणते, जळणारं कुणी कचऱ्यात टाकतच नाही."

साहेब पोट धरून हसले आणि भट्टी न घेता गेले. शेठ आठ दिवस माझ्याशी बोलले नाहीत. मी दुसरीकडे नोकरी बघायला लागलो. नवव्या दिवशी त्यांनी केबिनमध्ये बोलावून एक कागद पुढे सरकवला. परमनंटचा.

"बॉयलर पे झूठ बोलनेवाला आदमी सबको लेके उडता है," ते म्हणाले. "तू नहीं बोला. साइन कर."

सही केली आणि तो कागद घेऊन मी सरळ पालेगावला मुलीच्या वडिलांकडे गेलो.