रेकॉर्ड ऑफिसचं पुस्तकांचं दुकान झालं तेव्हा

साइटवर दोन गोष्टी साचतात. राडारोडा आणि किस्से. राडारोडा न्यायला ट्रक येतो. किस्से मात्र आपणच घरी घेऊन जातो आणि मग जेवायला आलेल्या पाहुण्यांवर रिकामे करतो. चेन्नईतल्या त्या इमारतीचे तर माझ्याकडे इतके साठलेत, की आता तुमची पाळी!

मी मूळची मिरजेची, आर्किटेक्ट. चेन्नईत अड्यारला आमचं छोटंसं ऑफिस. काम आलं ते जुन्या शहरातल्या एका इमारतीचं. कोणे एके काळी तिथे घोडागाड्या विकायचं शोरूम होतं, पुढे कितीतरी वर्षं सरकारी रेकॉर्ड ऑफिस. ऑफिस हललं, इमारत ओस पडली, हेरिटेजच्या यादीत गेली. आणि सेल्वी मॅडम नावाच्या एका बाईंनी ठरवलं, की इथे पुस्तकांचं दुकान काढायचं. कुणीही यावं, बसावं, वाचावं, विकत घेतलंच पाहिजे असं नाही.

पहिल्या दिवशी साइटवर एक सत्तरीचे गृहस्थ भेटले. पांढरं धोतर, डोक्यावर हेल्मेट. गोविंदराव, निवृत्त सरकारी इंजिनियर, आमचे सल्लागार. मी फोनवर आईशी बोलत होते. फोन ठेवल्यावर ते म्हणाले, "कोण्या गांवच्या तुम्ही?"

मी उडालेच! त्यांचं घराणं तंजावरचं, पिढ्यान्‌पिढ्या तमिळ मुलखात, आणि घरात अजून मराठी. मी आनंदाने अर्धा तास बोलत सुटले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तुमची मराठी बरी आहे. पण फार नवी!"

* * *

हेरिटेज इमारतीचा पहिला नियम : भिंतीला खिळा ठोकायचा नाही. एकसुद्धा! पुस्तकांची सगळी कपाटं स्वतःच्या पायांवर उभी राहिली पाहिजेत.

सुताराने हा नियम इतका मनाला लावून घेतला, की सगळ्यांचे शर्ट, डबे, पिशव्या आठ महिने एका शिडीवर लटकत होत्या. एकदा हेरिटेज कमिटीच्या मॅडम पाहणीला आल्या. तासभर एकेक भिंत निरखून बघितली, समाधानाने मान हलवली. मग फॉर्म भरायला बसणार, तर खाली सगळीकडे ओला चुना.

"माझी पर्स कुठे अडकवू?" त्यांनी विचारलं.

सुतार हात जोडून म्हणाला, "मॅडम, तेच तर आम्ही आठ महिने तुम्हाला विचारणार होतो!"

* * *

मोठ्या दालनात प्लायवुडचं खोटं छत होतं. कळकट, ट्यूबलाइटच्या डागांचं. ते काढायला सुरुवात केली, तेव्हा मी खाली उभी राहून मेसेज वाचत होते. अचानक ठोकाठोकी थांबली. वर बघितलं आणि माझाही मोबाइल हातातच राहिला.

खोट्या छताच्या वर आणखी तेवढीच उंची होती! काळेभोर सागवानी वासे, आणि त्यांच्यावर बिस्किटासारख्या छोट्या, पातळ विटा. आडव्या नाहीत, कडेवर उभ्या, तिरक्या ओळींनी, चुन्यात बसवलेल्या. वरच्या झरोक्यातून उजेड येत होता आणि ती सगळी वीण चटईसारखी दिसत होती. इतकी वर्षं लोक तिच्याखाली बसून शिक्के मारत होते आणि कुणाला पत्ता नव्हता.

आमचे मुख्य गवंडी पेरुमाळ. साठी उलटलेली, चुन्याच्या कामात आयुष्य गेलेलं. त्यांनी खांद्यावरचा पंचा काढला आणि कमरेला बांधला.

"मोठ्यांपुढें असें करितात," गोविंदराव माझ्या कानाशी म्हणाले.

"पण इथे मोठं कोण आहे?" मी विचारलं.

त्यांनी तो प्रश्न तमिळमध्ये पेरुमाळना विचारला. पेरुमाळनी नुसतं वर बोट केलं. "ज्यानं हे केलं तो."

* * *

भिंतीचा शेवटचा हात म्हणजे चुना आणि अंड्यातलं पांढरं. घोटून घोटून भिंत संगमरवरासारखी करायची. गूळ आणि हिरड्याचं आंबवलेलं पाणी चुन्यात आधीच गेलेलं असायचं, त्यामुळे साइटला एक मिठाईच्या दुकानासारखा वास. त्यात आता अंड्यांचे ट्रे!

पांढरं भिंतीला गेलं. पिवळ्याचं काय करायचं? पेरुमाळच्या टोळीने रोज दुपारी पिवळाधमक पोरियल, म्हणजे भुर्जीच, करून खाल्ला. तीन आठवडे! शेवटी शेवटी लोक साध्या भातासाठी व्याकूळ झाले. शुद्ध शाकाहारी गोविंदराव मात्र रोज येऊन त्या भिंतीवरून हात फिरवायचे, आपला चेहरा तिच्यात बघायचे.

मी चिडवलं, "अंडं आहे हं त्यात!"

हात न काढता म्हणाले, "भिंतीनें खाल्लें आहे. म्यां नव्हे."

* * *

पुढच्या किश्श्याला आता हसता येतं, पण तो घडत असताना मला मुळीच हसू आलं नव्हतं.

पुस्तकं फार जड असतात. वरच्या मजल्याची जमीन त्याच जुन्या सागवानी वाशांवर. आमचा स्ट्रक्चरल इंजिनियर तरुण, हुशार. त्याच्या लॅपटॉपने सांगितलं, एवढं वजन झेपणार नाही. वरचा मजला बंद, तर दुकानच निम्मं. सेल्वी मॅडम म्हणाल्या होत्या, "निम्म्यात माझं भागणार नाही. मग मला हे सोडावं लागेल."

शेवटी प्रत्यक्ष चाचणी ठरली. वर वाळूची पोती रचायची, खाली वाशांना गेज लावायचे आणि जमीन किती वाकते ते बघायचं. खालचं दालन रिकामं केलं. गेजची चित्रं दाराबाहेर स्क्रीनवर. पोती चढत गेली. काटा सरकत होता. सेल्वी मॅडम स्क्रीनकडे बघतच नव्हत्या, रस्त्याकडे तोंड करून उभ्या होत्या. धोक्याच्या लाल रेघेच्या बऱ्याच अलीकडे काटा थांबला. थांबला तो दुसऱ्या दिवसापर्यंत हललाच नाही. मग पोती उतरवली, तसा तो मागे मागे येत जवळजवळ शून्यावर येऊन बसला!

सेल्वी मॅडम तिथेच पायरीवर बसल्या आणि रडायला लागल्या. तो बिचारा इंजिनियर लॅपटॉप उघडून पुटपुटत होता, "सर, माझ्या हिशोबात हे बसत नाहीये."

गोविंदराव त्याच्या पाठीवर हात ठेवून इंग्रजीत म्हणाले, "मग हिशोब दुरुस्त कर. मजला बरोबर आहे!"

* * *

पुस्तकं वर न्यायची वेळ आली, तेव्हा चेन्नईजवळच्या इरुंगाट्टुकोट्टैच्या कारखान्यांत नोकरी करणारी आमच्या ओळखीची पंधरा-वीस मराठी मुलं रविवारी मदतीला आली. जिन्यावर साखळी केली. एकाने दुसऱ्याच्या हातात द्यायचं.

दुपार झाली तरी अर्धंसुद्धा काम नाही. पेरुमाळ बघायला आले. साखळीत चौथा मुलगा पान उलटत होता, नववा बाजूच्याला काहीतरी वाचून दाखवत होता, आणि बारावा तर पायरीवर बसला होता.

पेरुमाळ कंबरेवर हात ठेवून म्हणाले, "आमच्याकडे अशीच साखळी करून विटा चढवतात. दोन तासांत मजला. विटेवर काही लिहिलेलं नसतं, म्हणून बरं!"

* * *

उद्घाटनाच्या दुसऱ्या दिवशीची गोष्ट. दार उघडून दहा मिनिटं झाली होती. एक म्हातारे गृहस्थ आत आले. इस्त्रीचा शर्ट, काखेत प्लास्टिकची फाइल. दारातच थबकले. छताकडे बघितलं, भिंतींकडे बघितलं, मग हळूहळू चालत काउंटरशी आले आणि सेल्वी मॅडमना एक पिवळा पडलेला कागद दिला.

वडिलांच्या जमिनीच्या दाखल्याची नक्कल हवी म्हणून केलेल्या अर्जाची ती पावती होती. साहेब नाहीत, नंतर या, असं त्यांना सांगितलं होतं. ते नंतर आले होते.

"कितीदा आलो असेन," ते म्हणाले, "पण बाहेरच्या खिडकीच्या आत कुणी कधी सोडलं नाही. आतून ऑफिस एवढं सुंदर असेल असं वाटलं नव्हतं."

सेल्वी मॅडमनी पावती गोविंदरावांच्या हातात ठेवली. गोविंदराव पुढे झाले. रेकॉर्ड आता तांबरमच्या बाजूला गेलं आहे, असं तमिळमध्ये नीट समजावून सांगितलं, चिठ्ठीवर पत्ता लिहून दिला, कुठली लोकल, कुठला बस स्टॉप, सगळं. म्हाताऱ्यांनी चिठ्ठी दोनदा वाचली. मग विचारलं, "जायच्या आधी थोडं इथे बसलं तर चालेल?"

"बसा की!" सेल्वी मॅडम म्हणाल्या.

ते खिडकीजवळच्या खुर्चीत बसले. शेजारच्या कपाटातलं एक पुस्तक काढलं. अकराला कॉफी दिली, ती तशीच गार झाली. जेवायची वेळ झाली, ते उठले नाहीत. चारच्या सुमारास कुणीतरी येऊन सांगितलं, तांबरमचं ऑफिस आता बंद होईल. त्यांनी मान हलवली आणि पान उलटलं.

संध्याकाळी दिवे लावले, तेव्हा ते उठले. पत्त्याची चिठ्ठी पुस्तकात पानाच्या खुणेला घातली, पुस्तक जपून कपाटात ठेवलं आणि काउंटरशी आले.

म्हणाले, "उद्या येतो. साहेब नसले तरी चालेल."