पडद्यासमोरची बैठक

आमच्या गावात नवराबायकोचं बिनसलं की बैठक बसते. दोन्हीकडचे पाहुणे आणि गावातले झाडून सगळे पुरुष. हजर असलेल्या प्रत्येक पुरुषानं काहीतरी बोलायचंच, मुक्यानं उठून गेला तर त्याला माणसात धरत नाहीत. बायका मागं भिंतीला टेकून बसतात. त्यांनी बोलायचं नसतं, आणि जिच्यासाठी बैठक तिनं तर विचारल्याशिवाय अजिबात नाही. काय अक्कल आहे बघा.

माझी मोठी बहीण वैशाखरे गावात दिलेली. भातं झोडून झाली त्या सुमाराला ती नेसत्या लुगड्यानिशी आटगाव स्टेशनपासून आत आमच्या गावी निघून आली. नवऱ्यानं कानशिलात अशी ठेवून दिली होती की डाव्या कानानं तिला ऐकू येईना. परत जायचं नाही एवढंच ती म्हणत होती. बैठक रविवारी ठरली. पुरुष काय बोलणार हे तिला ठाऊकच होतं, पण तिचा भरवसा बायकांवर होता. शेजारची काकी रोज येऊन कानात लसणाचं तेल घालायची आणि बहिणीच्या नवऱ्याचा मुडदा बसो म्हणायची. पाण्यावर गेलं की बायका जवळ घ्यायच्या, हळहळायच्या. बहीण मला म्हणायची, "ह्यांना बोलाया दिलं ना, तर कुणाची टाप नाय मला माघारी धाडायची. मी बैठकीतच सांगनार हाय, आधी बायकांना इचारा."

त्याच आठवड्यात कल्याणहून एक बाई पिक्चर दाखवायला आली. भर दुपारी समाजमंदिराच्या खिडक्यांना ताडपत्र्या बांधल्या आणि समोर चादर लावली. घरात कुढत बसण्यापेक्षा बरं म्हणून मी बहिणीला घेऊन गेले. आईही आली.

पिक्चर म्हणजे काय, तर बाप आणि लेक ओट्यावर बसून बोलतायत. बस्स. गाणं नाही, मारामारी नाही, ओटासुद्धा बदलत नाही. लोक कंटाळले. "ओ मॅडम, पुढं ढकला जरा," असं कुणीतरी म्हणालं. दोघंतिघं उठून चपला शोधायला लागले. तेवढ्यात पडद्यावरची पोरगी म्हणाली, "बाबा, मी आता नांदायला जाणार नाही." बाप तिला माघारी जा म्हणून समजावायला लागला.

चपला शोधणारे खाली बसले. पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्यानं तोंडातली तंबाखू थुंकून घसा साफ केला आणि पडद्याकडं बघून बोलायला सुरुवात केली. "बाप सांगतोय त्यात वावगं काय हाय? लेकीनं ऐकाया पायजे." मग त्याच्या बाजूचा, मग त्याच्या पलीकडचा. रांगेनं, आपापली पाळी आल्यावर. मला आधी हसू आलं. म्हटलं, येडी माणसं, चादरीसमोर बैठक भरवून बसलीत.

पण चादरीसमोर बायकांना कुणी गप्प बसवणार नव्हतं. पुरुषांचं संपलं आणि मागनं काकीचा आवाज आला. तेल घालणारी तीच काकी. "नवरा हाय तो. आज मारील, उद्या जवळ घेईल. घरातलं चव्हाट्यावर आणू नये गो पोरी." दुसरी म्हणाली, "पाठच्या बहिणीचं कसं व्हायचं? तिला कोण करील?"

माझं डोकंच फिरलं. पाठची बहीण मी. "माझं लगीन तुमच्या डोक्यावर नाय ठेवलेलं," मी ओरडले.

"अगो, तुला कोण बोलतंय? पिक्चरमधलीला सांगतोय आमी," ती बाई म्हणाली, आणि सगळ्या हसल्या.

बहीण हसली नाही. ती एकेकीचं तोंड बघत होती. मग आई बोलली. आमच्याकडं न बघता, पडद्यावरच्या पोरीला म्हणाली, "मी पण गेलेच ना माघारी? मेले काय?"

आई कधी सासर सोडून आली होती हे आम्हा दोघींना तोवर माहीत नव्हतं.

पिक्चरमध्ये पोरगी गेली की राहिली ते दाखवलंच नाही. दिवे लागल्यावर कल्याणच्या बाईनं विचारलं, काय वाटतं, जाईल का ती? सगळे म्हणाले, जाईल. बाई आमचे मोबाइलवर फोटो काढत म्हणाली की इतकी मनापासून बोलणारी माणसं तिला कुठल्याच गावात भेटली नव्हती. तिच्या हातातला मोबाइल हिसकावून आपटावा असं मला वाटलं.

घरी आल्यावर आई तांदूळ निवडायला बसली. बहिणीनं तिला विचारलं, "कधी गेलतीस तू माघारी?"

आईनं सुपातनं डोकं वर काढलं नाही. "तुझ्या येळेला," ती म्हणाली. "तू पोटात होतीस."

दुसऱ्या दिवशी सकाळी बहिणीनं न्हाऊन वेणी घातली आणि माझी दोन लुगडी पिशवीत भरली. मी दारात आडवी उभी राहिले. म्हटलं, रविवार तरी येऊ दे, बैठक होऊ दे, मी बोलते बायकांशी.

"झाली की बैठक," ती म्हणाली. "बायका पण बोलल्या."

आईनं तिच्या हातातली पिशवी घेतली आणि एसटीच्या थांब्याकडं पुढं चालायला लागली.