सीतादही आणि रशियाचा चंद्र

आता कापसाचं नाव काढलं की आमच्या घरात सगळे गप्प होतात. बोंडअळी, भाव, तेच ते. म्हणून म्हटलं, आपण सत्तावन्न सालचं सांगावं. त्या साली कापूस वेचणीला आला आणि आमच्या सासूबाई अडून बसल्या, त्याही चंद्रामुळे.

मी नवी सून होते. काय काय झालं त्या साली! नवे पैसे आले, म्हणजे ते आपल्या देशापुरतं. तापाची साथ मात्र साऱ्या जगात फिरली, पांढरकवड्याकडच्या आमच्या गावालाही तिनं सोडलं नाही. आणि दसऱ्याच्या सुमारास रशियानं आकाशात आपला एक चंद्र सोडला. पेपर मोटारीनं यायचा, तोही शिळा. मामंजींचे डोळे अधू, म्हणून वाचायचं काम माझ्याकडे. शाळा मी पाहिली नव्हती, भावाच्या पाटीवरून अक्षरं उचललेली. अडखळत वाचायची, पण सगळी ओसरी ऐकायची.

चंद्राची बातमी आली तसा सासूबाईंचा हात सुपातच थांबला. आमच्याकडे पहिली वेचणी करण्याआधी सीतादही करतात. वावरात पाच दगड मांडायचे, कापसाची पूजा करायची, दहीभात चारी दिशांना उधळायचा आणि मगच बोंडाला हात लावायचा. हा मान घरच्या मोठ्या बाईचा. सासूबाईंनी सांगून टाकलं, माणसानं केलेला चंद्र डोक्यावर फिरतोय, त्याच्याखाली सीतादही व्हायची नाही.

दिवाळी गेली. कापूस बोंडांतून लोंबायला लागला, खाली मातीत गळायला लागला. वेचणाऱ्या बायांची म्होरकी रोज दारात यायची. शेवटी तिनं टोमणा मारला, की तुमचा कापूस आता तो चंद्रच वेचून नेईल वाटतं. उद्यापर्यंत सांगा, नाहीतर माझ्या बाया दुसऱ्याच्या वावरात जातात. मामंजी मान खाली घालून बसले. सीतादहीच्या बाबतीत त्यांचं काही चालत नसे. बाया गेल्या असत्या तर वर्षाचं पीक मातीत गेलं असतं.

त्याच संध्याकाळी पेपर आला. रशियानं दुसरा चंद्र सोडला होता आणि त्यात एक कुत्री बसवली होती. वाचता वाचता माझा आवाज बारीक झाला. म्हटलं, आता संपलंच.

सासूबाई माझ्या शेजारी येऊन बसल्या. मग म्हणाल्या, "एकटीच हाय का थे तिथं?"

"हो, आत्याबाई."

"तिले खाले काय देलं?"

मी ओळींवरून बोट फिरवलं. तसं काही लिहिलेलं सापडलं नाही.

"मंग नेलं कायले तिले," असं म्हणत त्या उठल्या आणि त्यांनी सीतादहीसाठी दुधाला विरजण लावलं. "बायाईले सांगा, सकाळी या म्हना."

सकाळी वावरात चारी दिशांना दहीभात उधळून झाला. भांड्यात एक मूठ उरली होती, ती त्यांनी सरळ वर आभाळाकडे फेकली. अर्धी त्यांच्याच डोक्यावर आली. म्होरकी हसली, सासूबाईही हसल्या, आणि बायांनी पदर खोचले.

पुढे कधीतरी पेपरात आलं की ती कुत्री गेली. मी ती ओळ मनातच वाचली आणि पुढच्या बातमीवर गेले. सासूबाई तूर पाखडत होत्या, त्यांनी काही विचारलं नाही. पण दुसऱ्या सालीही सीतादहीला त्यांची एक मूठ वर गेलीच.